रत्नागिरीचा न दिसणारा ग्रॅनाइट

कोकणची भूमी परशुरामाने समुद्राकडून मिळवली, ही कथा रत्नागिरी जिल्ह्यात लहान मुलांनाही ठाऊक असते. चिपळूणजवळच्या परशुराम गावी त्याचे देऊळ आहे. कथेचे तपशील गावोगाव बदलतात, पण गाभा एकच राहतो: आधी पाणी होते, आणि जमीन त्यातून वर आली.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतील फ्रायबर्गच्या खाण-अकादमीत आब्राहाम गोटलोब वेर्नर नावाचा प्राध्यापक जवळजवळ हेच शिकवत होता. त्याच्या मते आरंभी सगळी पृथ्वी एका आदिम महासागराखाली होती. त्या पाण्यातून खडक थराथरांनी साकळत गेले आणि सर्वांत आधी साकळलेला, म्हणून सर्वांत जुना खडक म्हणजे ग्रॅनाइट. युरोपभरातून विद्यार्थी त्याच्याकडे येत आणि आपापल्या देशी जाऊन हीच शिकवण पसरवत. वेर्नरने फारसा प्रवास केला नव्हता; सॅक्सनीतील खडकांवरून त्याने जगाचा इतिहास मांडला. पुढे पहिला आक्षेप आला तो याच कारणाने.

ग्रॅनाइट पाण्यातून आला की आगीतून, हा वाद तेव्हा युरोपात पेटला होता. रत्नागिरीशी त्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. आज जिल्ह्यात कुठेही फिरले तरी ग्रॅनाइट नजरेस पडत नाही. वर जांभा, खाली काळा कातळ, एवढेच दिसते. तरीही जिल्हा उभा आहे तो ग्रॅनाइटवरच. हे कसे कळले आणि कळायला इतका काळ का लागला, याची ही हकिकत आहे.

प्रथम दिसणाऱ्या खडकांविषयी.

रत्नागिरीचा सडा म्हणजे जांभ्याचे पठार. पावसाळ्यात त्यावर रानफुले उगवतात, उन्हाळ्यात तो तव्यासारखा तापतो. बारसू, कशेळी, उक्षी येथील कातळशिल्पे याच जांभ्यावर खोदलेली आहेत. जांभ्याचे चिरे खाणीतून काढताना मऊ असतात आणि वाऱ्याला लागल्यावर कठीण होतात, हे कोकणातल्या कोणत्याही गवंड्याला माहीत असते. फ्रान्सिस बुकॅनन या ईस्ट इंडिया कंपनीच्या डॉक्टरने मलबारात अंगाडिपुरम येथे लोकांना असेच चिरे काढताना पाहिले आणि १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात त्या खडकाला 'लॅटेराइट' हे नाव दिले. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. शास्त्रीय जगाला हे नाव गवंडीकामातून मिळाले आहे. जांभा हा मुळात स्वतंत्र खडक नाही. खालचा खडक उष्ण, दमट हवेत दीर्घकाळ कुजत गेला, त्यातली सिलिका आणि क्षार पाण्याबरोबर वाहून गेले आणि लोह व ॲल्युमिनियम मागे उरले. त्या अवशेषालाच आपण जांभा म्हणतो.

जांभ्याखाली काळा बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हारस पुन्हा पुन्हा वर आला, पसरला, थिजला. आजही हे थर सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर उरले आहेत. सह्याद्रीच्या कड्यांत ते पायऱ्यांसारखे दिसतात. स्वीडिश भाषेत पायरीला 'ट्रापा' म्हणतात, त्यावरून 'ट्रॅप' हे नाव आले. रत्नागिरीकर ज्याला नुसते 'काळा दगड' म्हणतो, तो हाच.

आणि त्याखाली?

याचे पहिले पद्धतशीर उत्तर एकोणिसाव्या शतकात मिळाले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था १८५१ साली सुरू झाली, ती मुख्यतः कोळशाच्या शोधासाठी. रेल्वे आणि आगबोटींना कोळसा हवा होता, आणि इंग्रज राज्यकर्त्यांना खडकांची एवढी आस्था एरवी वाटली नसती. याच संस्थेतील सी. जे. विल्किन्सन यांनी दक्षिण कोकणच्या भूरचनेची रूपरेषा १८७१ साली प्रसिद्ध केली. काही पानांचाच तो लेख आहे, पण कोकणच्या खडकांचा क्रम त्यात लागला. तळाशी रूपांतरित, पट्टेदार स्फटिकी खडक. त्यावर कलादगी मालेचे वालुकाश्म आणि क्वॉर्ट्झाइट. त्यावर दख्खनचा ट्रॅप. आणि सर्वांवर जांभा. जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी-सावंतवाडी खंड १८८० साली निघाला. त्यातही हाच क्रम येतो.

इथे एक प्रशासकीय गोष्ट ध्यानात घ्यायला हवी, अन्यथा घोटाळा होतो. त्या काळचा रत्नागिरी जिल्हा आजच्यापेक्षा बराच मोठा होता. मालवण, वेंगुर्ले त्यात मोडत असत. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि रत्नागिरीने नकाशावर आपला सर्वांत जुना खडक गमावला. कारण लाव्ह्याची चादर दक्षिणेकडे पातळ होत जाते आणि मालवण, कुडाळ, वेंगुर्ले या बाजूला फाटून तिच्याखालचे जुने खडक उघडे पडतात. पुस्तकाची पाने उत्तरेकडे एकमेकांना चिकटलेली असावीत आणि दक्षिण टोकाला कोपरा दुमडून आतली पाने दिसावीत, तसे हे आहे. विल्किन्सन यांना तो दुमडलेला कोपरा वाचता आला. उत्तरेकडे, रत्नागिरी, चिपळूण, दापोलीच्या खालीही तीच पाने असणार, हा मात्र तर्क होता. तर्क योग्य होता, पण त्याचा पुरावा हाती यायला आणखी सव्वाशे-दीडशे वर्षे जावी लागली.

सिंधुदुर्गातले हे तळाचे खडक बहुतांशी शुद्ध ग्रॅनाइट नाहीत. त्यांना पट्टिताश्म म्हणतात. ग्रॅनाइटसारखाच खडक खोलवर उष्णतेत आणि दाबाखाली सापडून त्यातल्या खनिजांचे फिक्या-गडद पट्टे तयार होतात, तो पट्टिताश्म. त्यांच्या जोडीला लोहखनिजाचे पट्टेदार खडक आहेत. रेडीच्या खाणी त्यांवरच चालल्या. कणकवलीजवळ क्रोमाइट सापडते. आणि वर उल्लेखलेले कलादगी वालुकाश्म तर ग्रॅनाइटचीच मुले. ग्रॅनाइट झिजला की त्यातला फेल्स्पार कुजून माती होतो, अभ्रक भुगा होऊन वाहून जाते, क्वॉर्ट्झ मात्र टिकून वाळू बनतो. त्या वाळूचे पुढे वालुकाश्म झाले, आणि कासार्डे-फोंडा परिसरात तेच पुन्हा सुटून सिलिका वाळूच्या खाणी झाल्या. ही वाळू काचेसाठी आणि ओतकामाच्या साच्यांसाठी जाते.

मग ग्रॅनाइट नेमका कशाला म्हणावे? दुकानातली भाषा इथे उपयोगाची नाही. स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसवलेला काळाकुळकुळीत 'ग्रॅनाइट' बहुतेक वेळा ग्रॅनाइट नसतोच. तो डोलेराइट किंवा गॅब्रो असतो, म्हणजे घडणीने बेसाल्टचा भाऊ. खरा ग्रॅनाइट फिका असतो: करडा, पांढरट, गुलाबी. त्यात काचेसारखा क्वॉर्ट्झ, दुधी किंवा गुलाबी फेल्स्पार आणि काळ्या-रुपेरी अभ्रकाचे ठिपके नुसत्या डोळ्यांनी वेगवेगळे ओळखता येतात. त्यात सिलिका साधारण ७० टक्के किंवा त्याहून अधिक असते. बेसाल्टमध्ये ती ५० टक्क्यांच्या आसपास असते आणि लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम जास्त. म्हणून बेसाल्ट काळा आणि जड, ग्रॅनाइट फिका आणि त्या मानाने हलका.

कणांचा आकार वेगळीच गोष्ट सांगतो. शिलारस जमिनीखाली काही किलोमीटर खोल अडकला तर तो अतिशय सावकाश थंड होतो, आणि स्फटिकांना वाढायला सवड मिळते. तोच रस जमिनीवर आला तर भराभर थिजतो, कण बारीक राहतात. म्हणून एकाच घडणीच्या रसाचे दोन खडक होऊ शकतात. खोल थिजला तर ग्रॅनाइट. वर येऊन थिजला तर ऱ्हायोलाइट. एकच पाक परातीत ओतला आणि कढईतच राहू दिला, तर वडीचा पोत वेगळा होतो, तसेच.

वेर्नरच्या शिकवणीला सुरुंग लागला तो स्कॉटलंडमध्ये. १७८५ साली, म्हणजे पुण्यात नाना फडणवीसांचा कारभार चालू असताना, जेम्स हटन हा एडिंबराचा गृहस्थ ग्लेन टिल्ट नावाच्या दरीत गेला. ग्रॅनाइट जर सर्वांत जुना असेल तर इतर खडक त्याच्यावर निवांत बसलेले दिसले पाहिजेत. ग्रॅनाइट जर वितळलेल्या रसाचा झाला असेल तर तो आधीपासून असलेल्या खडकांत घुसलेला दिसला पाहिजे. दरीतल्या ओढ्याच्या पात्रात त्याला दिसले ते असे: काळसर जुन्या खडकाला चिरत, फाटे फोडत गेलेल्या तांबूस ग्रॅनाइटच्या शिरा. जो चिरतो तो नंतरचा, जो चिरला जातो तो आधीचा. हटनचा आनंद पाहून बरोबरच्या वाटाड्यांना वाटले की याला सोन्याची किंवा चांदीची खाण सापडली असावी. ही हकिकत त्याचा मित्र जॉन प्लेफेअर याने लिहून ठेवली आहे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही रीत परकी वाटू नये. एखाद्या ताम्रपटावरची मूळ अक्षरे खोडून त्यावर दुसरा मजकूर कोरलेला असेल, तर कोणता आधीचा हे सांगायला तिथीची गरज पडत नाही. हटनकडेही तिथी नव्हती. त्याच्याकडे क्रम होता, आणि तेवढ्यावर एक आख्खी विचारपद्धती कोसळली. पडायला वेळ लागला ही गोष्ट निराळी; वेर्नरचे शिष्य चिवट होते.

आगीतून आला हे ठरले, तरी प्रश्न अर्धाच सुटला. इतका सिलिकायुक्त रस येतो कुठून? पृथ्वीच्या खोल प्रावरणातील खडक वितळले तर त्यातून बेसाल्टचा रस मिळतो, ग्रॅनाइटचा मिळत नाही. विसाव्या शतकात नॉर्मन बोवेन याने दाखवले की बेसाल्टचा रस थंड होताना लोह-मॅग्नेशियमची जड खनिजे आधी बाहेर पडतात आणि उरलेला रस हळूहळू सिलिकेने समृद्ध होत जातो. पण अशा रीतीने थोडासाच ग्रॅनाइट हाती लागतो. डोंगरच्या डोंगर ग्रॅनाइटचे असतील तर त्यासाठी प्रचंड बेसाल्ट शेजारी शिल्लक असायला हवा, आणि तो बहुधा नसतो. हर्बर्ट रीड आणि त्याच्या पक्षाचे लोक तर म्हणत की बराचसा ग्रॅनाइट वितळलेलाच नाही. जुने खडक खोलवर जागच्या जागी मुरून, झिरपणाऱ्या द्रवांनी बदलून ग्रॅनाइट झाले. १९४०च्या दशकात हा वाद फार कडू झाला. अखेर १९५८ साली बोवेन आणि टटल यांचे प्रयोग प्रसिद्ध झाले. पाणी मुरलेले खडक दाबाखाली साधारण ६५० ते ७०० अंश सेल्सिअसलाच वितळू लागतात, आणि तो पहिला रस अगदी ग्रॅनाइटच्या घडणीचा असतो. बेसाल्टचा रस अकराशे-बाराशे अंशांचा असतो हे लक्षात घेतले की पाण्याचे महत्त्व कळते. कोरड्या ग्रहावर इतका ग्रॅनाइट झाला नसता. वेर्नर आणि परशुरामाची कथा, दोघांनाही पाणी आवश्यक वाटले होते. त्याची जागा मात्र समुद्राच्या पृष्ठावर नव्हती, जमिनीच्या पोटात होती.

आता पुन्हा कोकणच्या अंगाने पाहू. सिंधुदुर्ग आणि गोव्यातले तळाचे खडक धारवाड खंडकेंद्राचे भाग आहेत. कर्नाटकचा मोठा पट्टा, गोवा आणि दक्षिण महाराष्ट्राचा तळ मिळून ते बनते. गोवा आणि कर्नाटक यांच्या सीमेवरील अनमोड घाटातील पट्टिताश्माचे वय सुमारे ३४० कोटी वर्षे मोजले गेले आहे. पृथ्वीचे वय ४५४ कोटी वर्षे. म्हणजे पृथ्वीच्या आयुष्याचा पहिला चतुर्थांश संपत असताना हा खडक घडला. आजच्या अर्थाने प्राणवायूही तेव्हा हवेत नव्हता.

अनमोडचा हा खडक सोडियमप्रधान आहे, पोटॅशियम त्यात कमी. सर्वांत जुन्या ग्रॅनाइटसदृश खडकांचे जगभर हेच लक्षण आढळते. जुना, पाणी मुरलेला बेसाल्ट खोल जाऊन अंशतः वितळला की असा रस निघतो. पुढे हे खडक स्वतःच पुन्हा वितळले, आणि त्यातून पोटॅशियमप्रधान, गुलाबी छटेचे खरे ग्रॅनाइट वर घुसले. गोव्यात केपे तालुक्यातील पारोडा येथे चंद्रनाथाचा डोंगर आहे, शिखरावर चंद्रेश्वर भूतनाथाचे देऊळ आहे. तो डोंगर अशाच ग्रॅनाइटचा, वय सुमारे २६५ कोटी वर्षे. गोव्यातील प्राचीन भोज राजांची राजधानी चंद्रपूर, आजचे चांदोर, याच डोंगराच्या परिसरात होती. त्याच कहाणीचा शेवटचा मोठा अध्याय कर्नाटकात क्लोजपेट ग्रॅनाइट या नावाने उत्तर-दक्षिण शेकडो किलोमीटर पसरला आहे, वय सुमारे २५० कोटी वर्षे. क्लोजपेट म्हणजे आजचे रामनगर. 'शोले'मधल्या गब्बरच्या अड्ड्यामागे दिसणारे गोल गुळगुळीत दगड याच ग्रॅनाइटचे आहेत.

खोल थिजलेल्या ग्रॅनाइटच्या ज्वालामुखी भावंडांनाही पश्चिम किनाऱ्यावर जागा आहे, पण ती वयाने फार धाकटी आहेत. उडुपीजवळ मालपे बंदरासमोर सेंट मेरी बेटे आहेत. तिथले षट्कोनी खांब पाहून पर्यटक बेसाल्ट समजतात, पण ते सिलिकायुक्त, ऱ्हायोलाइटच्या कुळातले आहेत. भारत आणि मादागास्कर एकमेकांपासून फाटत असताना, सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी, ते बाहेर पडले. मादागास्करच्या ईशान्य किनाऱ्यावर ३०० कोटी वर्षांहून जुने ग्रॅनाइट आणि पट्टिताश्म आहेत, आणि ते एकेकाळी आपल्या धारवाड खंडकेंद्राचाच तुकडा होते, असे अनेक भूवैज्ञानिक मानतात. कोकणचा किनारा म्हणजे मोडलेल्या भाकरीची कड आहे. दुसरा अर्धा आफ्रिकेच्या बाजूला गेला.

मुंबईतही हे कूळ आहे. मढ, मनोरी, गोराई या बाजूला दख्खन उद्रेकाच्या उत्तरकाळातील ऱ्हायोलाइट आणि ट्रॅकाइट सापडतात. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या इमारतीत कुर्ल्याचा करडा बेसाल्ट आणि मालाडचा पिवळसर ट्रॅकाइट शेजारी शेजारी बसवलेले आहेत. एका भिंतीवर खडकांची दोन कुळे पाहायची असतील तर याहून सोयीची जागा नाही. रत्नागिरी जिल्ह्यात मात्र बेसाल्टचेच राज्य आहे.

रत्नागिरीच्या उत्तर भागाखाली ग्रॅनाइट आहे, हा तर्क पुस्तकात राहिला. कोणाला त्याची निकड नव्हती. द्वीपकल्पाचा हा जुना तळ म्हणजे स्थिर ढालखंड, इथे भूकंप व्हायचे नाहीत, अशी धारणा होती. पश्चिम महाराष्ट्र भूकंपाच्या दृष्टीने जवळजवळ निर्धोक मानला जाई.

११ डिसेंबर १९६७च्या पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनानगर हादरले. तीव्रता ६.३. सुमारे १८० माणसे दगावली, हजारो जखमी झाली, कोयनानगरची वसाहत जवळपास उद्ध्वस्त झाली. धरणाला तडे गेले, पण ते उभे राहिले. कोयनेचे पाणी बोगद्यातून सह्याद्री भेदून चिपळूण तालुक्यात पोफळीच्या भूमिगत वीजगृहात उतरते आणि पुढे वाशिष्ठीला मिळते. त्यामुळे हा भूकंप रत्नागिरीच्या उंबरठ्यावरचा होता, आणि त्याचे धक्के कोकणाने पुरेपूर अनुभवले. जलाशय भरू लागल्यापासून छोटे धक्के वाढले होते. धरणाच्या पाण्यामुळे भूकंपाला चालना मिळते याचे जगातले सर्वांत ठळक उदाहरण म्हणून आज कोयनेचे नाव घेतले जाते. डॉ. हर्ष गुप्ता यांनी या प्रश्नाचा अनेक दशके पाठपुरावा केला.

हे धक्के उगम पावतात ते बेसाल्टमध्ये नव्हेत. बहुतेकांचे केंद्र काही किलोमीटर खोल असते, आणि लाव्ह्याची चादर इतकी जाड नाही. म्हणजे ते तळाच्या जुन्या खडकात होतात. तो खडक कसा आहे, त्यात भेगा किती आहेत, पाणी तिथवर पोहोचते का, हे कळल्याशिवाय भूकंप कळणार नव्हता. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ रोजी भूकंप झाला तेव्हाही हाच धडा मिळाला. तिथे विंधन केल्यावर अवघ्या ३३८ मीटर बेसाल्टखाली थोडासा गाळाचा थर आणि मग जुना स्फटिकी तळ लागला.

कोयनेत मोठ्या विंधनाची मोहीम गेल्या दशकात झाली. कोयनानगरजवळ रासाटी येथे पहिले खोल विंधन १५२२ मीटरपर्यंत गेले. सुमारे ९३३ मीटर बेसाल्ट संपला आणि ग्रॅनाइट लागला. पुढे परिसरात आणखी विंधने झाली. गोठणे येथील विंधन तीन किलोमीटरपर्यंत नेले गेले. तिथे बेसाल्टची जाडी १२४७ मीटर भरली. विल्किन्सन यांनी दक्षिण टोकाला उघड्यावर पाहिलेला तळ उत्तरेत एक किलोमीटर खाली अखेर हाती लागला.

या आकड्यांत रत्नागिरीसाठी एक सोपे गणित आहे. रासाटी समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच आहे. म्हणजे ग्रॅनाइटचा माथा समुद्रसपाटीखाली तीनशे मीटरच्या आसपास येतो. घाट उतरून चिपळूणच्या पातळीला आले की डोक्यावरचा बहुतेक बेसाल्ट नद्यांनी केव्हाच वाहून नेलेला आहे. घाटमाथ्यावर एक किलोमीटर खोल असलेला तळ घाटाखाली काही शे मीटरवर येतो. कोकणातली बोअरवेल सहसा शंभर-दीडशे मीटरवर थांबते, म्हणून तिला तो लागत नाही.

वर आलेल्या खडकात काय होते? ग्रॅनाइट, पट्टिताश्म, आणि अर्धवट वितळून गोठल्याने फिक्या-गडद रेघांची नक्षी उमटलेले मिश्र खडक. अनमोडप्रमाणेच सोडियमप्रधान घडणही त्यात आढळली. झिरकॉन नावाचे सूक्ष्म, अत्यंत टिकाऊ खनिज अशा खडकांत असते. थिजताना त्यात थोडे युरेनियम अडकते आणि ठरावीक गतीने त्याचे शिसे होत जाते. दोहोंचे प्रमाण मोजले की वय निघते. हटनकडे नसलेली तिथी ती हीच. कोयनेच्या तळाचे वय त्यावरून सुमारे २७० कोटी वर्षे आले. दख्खनच्या लाव्ह्याखालीही धारवाडचीच जमीन पुढे गेली आहे, याला या आकड्याने बळकटी मिळाली.

आणखी एक गोष्ट इतिहासाच्या वाचकाने थांबून पाहावी अशी आहे. कोयनेत बेसाल्ट आणि ग्रॅनाइट यांच्यामध्ये गाळाचा थर जवळजवळ नाहीच. ६ कोटी ६० लाख वर्षांचा लाव्हा थेट २७० कोटी वर्षांच्या खडकावर टेकलेला आहे. मधली २६० कोटी वर्षे एका रेषेत मिटली आहेत. प्राणवायू आला, बहुपेशीय जीव आले, वनस्पती जमिनीवर चढल्या, डायनासोर आले आणि त्यांचा अंत जवळ आला. या कशाचीच नोंद त्या ठिकाणी नाही. एवढ्या काळात तो ग्रॅनाइट उघडा पडून झिजत होता. ज्या खोलीवर तो थिजला ते वरचे कित्येक किलोमीटरचे खडक आधी उतरून गेले, मगच लाव्हा त्यावर पसरू शकला. सिंधुदुर्गात कलादगीची वाळू तरी मागे उरली. कोयनेत तीही उरली नाही.

या तळाविषयीचा वाद आजही शास्त्रीय नियतकालिकांपुरता मर्यादित नाही. राजापूर तालुक्यात माडबनच्या सड्यावर जैतापूर अणुऊर्जा प्रकल्प योजला गेला, तेव्हा स्थानिकांचा विरोध जमीन, मासेमारी आणि किरणोत्सार यांवरून होता. २०११ साली रॉजर बिल्हॅम आणि विनोद गौर यांनी 'करंट सायन्स'मध्ये त्या परिसराच्या भूकंपशक्यतेची चर्चा केली. कोयनेसारख्या ठिकाणी अनपेक्षितपणे जे घडले ते याच किनाऱ्याच्या पट्ट्यात इतरत्र घडू शकणार नाही असे गृहीत धरता येईल का, हा त्यांचा मुद्दा होता. त्याला तज्ज्ञांकडून प्रत्युत्तरेही आली. दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य करावी लागते: माडबनच्या सड्यावर उभे राहून दिसणारा जांभा या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही. बेसाल्टही पुरते देऊ शकत नाही. ते त्याच्याखालच्या खडकाच्या भेगांत आहे.

कराडजवळ हजारमाची येथे केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची विंधनविवर-भूभौतिकी प्रयोगशाळा आहे. कोयनेच्या विंधनांतून काढलेल्या खडकांवर तिथे अभ्यास चालतो. काळ्या कांड्यांची रांग संपते आणि करड्या-गुलाबी कांड्यांची सुरू होते, ती जागा तिथल्या नमुन्यांत बोटाने दाखवता येते. यापुढचा बेत सहा किलोमीटर खोल जाण्याचा आहे, जिथून हे धक्के प्रत्यक्ष सुरू होतात त्या खोलीच्या जवळ.